गुरुजींची वही आणि थरथरणारी शकुंतला : एका डीव्हीडीचं प्रकरण

"थे गाडी काऊन थरथरून रायली बे?"

गुरुजी दुकानात आले ते हेच विचारत, बसले पण नाही. हातात मीच चार दिवसांआधी दिलेली त्यांच्या पोरीच्या लग्नाची डीव्हीडी, वरून मीच चिकटवलेलं गोल स्टिकर, त्यावर नवरानवरीचा फोटो. मी म्हटलं गुरुजी डिस्क खराब निघाली असंल, दुसरी मारून देतो. इथंच माझं चुकलं, आणि पुढचे पंधरा दिवस मी चुकतच गेलो. कोणी असल्या कामात अडकलं असंल तर त्याच्या पाच डिस्क तरी वाचाव्या म्हणून हे प्रकरण सगळं लिहून ठेवतो.

आमचं गाव दारव्ह्याच्या अलीकडं. दुकानाच्या पाटीवर फोटो स्टुडिओ लिहिलंय पण पोट चालतं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पीकविम्याच्या फॉर्मवर. डीव्हीडी आता कोणी मागत नाही, सगळं पेनड्राइव्ह नाही तर मोबाइल. गुरुजींना मात्र डीव्हीडीच पाहिजे होती, कारण त्यांची माय. नव्वदी पार केलेली, मोबाइल हातात धरवत नाही, अन् घरचा टीव्ही म्हणजे जुना डब्बा, त्याले पेनड्राइव्ह लावाले जागाच नाही. खाली डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याच्या रिमोटचं प्ले अन् पॉज एवढी दोन बटणं मायला बरोबर कळतात.

माल काय होता तर मिनीडीव्हीच्या, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल टेपच्या, दोन कॅसेट. २००५ च्या मे महिन्यात गुरुजींच्या पोरीचं लग्न झालं, तेव्हा नागपूरचे तिचे मामा हँडीकॅम घेऊन आले होते. वरात कारंज्याहून शकुंतलेनं आली. बाहेरच्यांसाठी सांगतो, शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, रुळातलं अंतर अडीच फूट, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं मग डिझेल आलं, आणि चाल अशी की पोरं चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढत असं आमच्याकडं सगळेच सांगतात. आता गाडी बंद आहे. म्हणून त्या कॅसेटमधली दारव्हा स्टेशनात गाडी शिरतानाची दोन-तीन मिनिटं ही गुरुजींच्या घरात लग्नाएवढीच महत्त्वाची. त्याच गाडीनं मूर्तिजापूरहून मायचा भाऊ आला होता, खिडकीत बसून हात हलवतो. तो नंतरच्या दोन वर्षांतच गेला.

तर पहिल्यांदा मी काय केलं. दुकानात एक जुना डेस्कटॉप आहे, एक्सपीवाला, त्यात फायरवायरचं कार्ड, कॅमेऱ्याची वायर लावायला. नव्या लॅपटॉपला ती खाच येत नाही म्हणून तो डब्बा मी विकला नाही. माझ्याकडच्या जुन्या सेकंडहँड कॅमेऱ्यात कॅसेट टाकून विनडीव्ही नावाच्या सॉफ्टवेअरनं कॅप्चर केलं. एका तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. पहिली कॅसेट ६० मिनिटांची, दुसरी ९० ची, मिळून ३२ जीबीच्या वर गेलं. मग सगळे अडीच तास एकाच डीव्हीडीत बसवले, १६ एक्सनं राइट केली, स्टिकर लावलं आणि कॉम्प्युटरवर इथं-तिथं पळवून पाहिलं. मस्त दिसत होतं. दिली.

तक्रार आल्यावर त्याच डब्यातली दुसरी डिस्क मारली, तेच. मग दारव्ह्याहून महागाची ब्लँक आणली, तेच. मग प्लेअरवर नाव घेतलं. गुरुजींनी बिचाऱ्यांनी लेन्स साफ करायची सीडी विकत आणली, तरी तेच. पाच डिस्क गेल्या. त्यातल्या दोन अजून दुकानात चहाच्या कपाखाली आहेत.

सहाव्या दिवशी गुरुजी वही घेऊन आले. शाळेतली दोनशे पानी, समासाची लाल रेघ. जिल्हा परिषदेच्या शाळेत मला चौथीपर्यंत शिकवलं त्यांनी, हजेरी घेतल्यासारखं सगळं लिहून काढलं होतं. डिस्क तीनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली (मधे दोनदा लाइन गेली तेही लिहिलं होतं) आणि प्लेअरवर जो टाइम दिसतो तो टिपला. म्हणे, "मी लिवून आनलं पाय. तू नुसता अंदाजानं डिस्का बदलून रायला."

वहीतलं थोडक्यात असं होतं. ० तास ९ मिनिटं, गाडी थरथरते, तिन्ही वेळा. १ तास २२, अक्षता पडताना चित्र फाटते, आवाज बरोबर, तिन्ही वेळा. १ तास ३५ आणि पुढं बऱ्याच ठिकाणी चित्र फाटते आणि आवाजही तुटतो, तिन्ही वेळा त्याच जागी. आणि शेवटी, पहिल्या वेळी २ तास ७ ला अटकली, दुसऱ्या वेळी २ तास ११ ला, तिसऱ्या वेळी २ तासाच्या आतच.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी एक बिमारी समजून औषध देत होतो आणि इथं चार होत्या. जे दर वेळी त्याच सेकंदाला होतं ते डिस्कवर नीट लिहिलेलंच आहे, म्हणजे चूक आधीच फाइलमध्ये शिरली, मग डिस्क शंभर बदला. जे दर वेळी जागा बदलतं ते फाइलचं नाही, वाचण्याचं, म्हणजे प्लेअरचं नाही तर डिस्कच्या अंगाचं. आणि फाटताना आवाज पण तुटत असेल तर संशय कॅसेटवर, कारण माझ्या सॉफ्टवेअरनं चित्र चेपलं तरी आवाजाला हात लावायचं त्याला काही कारण नाही. डिस्क कुठली होती, डबा कुठला, सॉफ्टवेअर कोणतं हे सगळं मी पाहत बसलो आणि हा एक साधा टाइम लिहून घ्यायचं सुचलं नाही.

आधी गाडीची थरथर घेतली, कारण गुरुजींचा जीव त्यातच.

आपल्याकडचा जुना टीव्ही म्हणजे पाल पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम, चित्र ७२० बाय ५७६. पण कॅमेरा एक फ्रेम एकदम काढत नाही, दोन हप्त्यांत काढतो. एका फील्डमध्ये एकाआड एक ओळी, मग १/५० सेकंदानं दुसऱ्या फील्डमध्ये उरलेल्या ओळी. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. यातलं आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं हे फाइलमध्ये बरोबर सांगावं लागतं. मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, बॉटम फील्ड फर्स्ट. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये टॉप फर्स्ट टिक होती, कारण त्याआधी एचडी कॅमेऱ्याचं काम केलं होतं आणि तिथं टॉपच लागतं. मग टीव्हीवर काय होतं, आधी दुसरं चित्र मग पहिलं, आधी चौथं मग तिसरं. गाडी तीन पावलं पुढं अन् एक पाऊल मागं. जिथं काही हलत नाही, म्हणजे स्टेजवर नवरानवरी मांडी घालून बसलेत, तिथं काहीच कळत नाही. कॅमेऱ्यासमोरून आडवी जाणारी गाडी आली की लगेच दिसतं. वरातीतला नाच पण थरथरत होता पण तिथं गुरुजींना वाटलं पोरं तशीच नाचतात.

आता कॉम्प्युटरवर मला का दिसलं नाही? कारण व्हिडिओ पाहायचं व्हीएलसी माझ्याकडं दोन्ही फील्ड एकत्रच दाखवत होता. त्यानं हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात, पण थरथर दिसत नाही. (त्या रेघा पाहून पुष्कळ जण घाबरतात आणि डीइंटरलेस, म्हणजे दोन फील्डचं एकच चित्र, करून टाकतात. डब्बा टीव्हीसाठी डीव्हीडी करत असाल तर करू नका, रेघा म्हणजे बिघाड नाही, उलट डीइंटरलेस केलं की अर्धी हालचाल गेली.) खरं तपासायचं तर व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करून मोड बॉब किंवा याडिफ २एक्स ठेवायचा. मग फील्ड एकामागं एक दिसतात आणि क्रम उलटा असेल तर थरथर तिथंच दिसते, डिस्क मारायची गरजच नाही.

तरी मी टीव्हीवर पाहायचं ठरवलं. गाडीची एक मिनिटाची क्लिप काढली, एकदा टॉप फर्स्ट करून, एकदा बॉटम फर्स्ट करून, दोन्ही एका रीराइटेबल डिस्कवर टाकल्या. रीराइटेबल डिस्कवरून लाइट कमी परतते म्हणून काही जुने प्लेअर ती घेत नाहीत, पण गुरुजींच्या प्लेअरनं घेतली. संध्याकाळी लाइन आल्यावर त्यांच्याच घरी लावली. पहिली क्लिप थरथरली. दुसरीत गाडी अशी सरळ आली की माय खाटेवरून म्हणाली, "आली माह्या भावाची गाडी." गुरुजींनी वहीत पहिल्या ओळीवर काट मारली.

मग अक्षता. याचं कारण मला वही वाचतानाच कळलं होतं, फक्त कबूल करायची लाज वाटत होती. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे ३७,६०० मेगाबिट. अडीच तास म्हणजे ९,००० सेकंद. भागा, सेकंदाला ४ मेगाबिटच्या जरासं वर येतं, आवाजही त्यातच. डीव्हीडीत चित्राला ९.८ पर्यंत चालतं आणि मी निम्म्याहून कमी दिलं. साध्या सीनला तेवढं पुरतं, कारण एमपेग, म्हणजे डीव्हीडीत चित्र चेपायची पद्धत, आधीच्या फ्रेममधून जे हललं तेवढंच लिहितो. पण मंगलाष्टकं संपून चारशे माणसं एकाच वेळी अक्षता फेकतात तेव्हा पडद्यावर प्रत्येक दाणा वेगळीकडं चालला असतो, वरून फोटोवाल्याचे फ्लॅश, फ्लॅश पडला की सगळं चित्रच बदललं. तिथं ४ मेगाबिटात काय होणार, ठोकळेच. लग्नाच्या व्हिडिओत सगळ्यात अवघड सीन हाच, बिदाई नाही. ज्यांना सेटिंग तपासायची त्यांनी अक्षतांचीच क्लिप घ्यावी.

उपाय काही हुशारीचा नाही, दोन डिस्क करायच्या. ६० मिनिटांची पहिली कॅसेट एका डिस्कवर, तिला ७.५ च्या आसपास दिलं. ९० मिनिटांच्या दुसरीला हिशोबानं ७ च्या आत येतं, त्यातून आवाज आणि थोडी जागा सोडून ६.३ धरलं. कमाल ८ च्या वर जाऊ दिली नाही, जुने प्लेअर एकदम जास्त डेटा आला की गडबडतात. आणि एन्कोड दोन पासमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत ते पाहून घेतं की कुठं जास्त लागणार, दुसऱ्या फेरीत तिथं जास्त देतं. रात्रभर मशीन चालली. अक्षता अक्षतांसारख्या दिसल्या.

तिसरी बिमारी सगळ्यात हट्टी निघाली. १ तास ३५ च्या पुढची फाटाफाट, आवाजासकट. मी कॅप्चर केलेली मूळ फाइल उघडली तर त्यातच होती, एमपेग व्हायच्या आधीच. चौकोन चौकोन, आणि त्या चौकोनात मागच्या फ्रेमचा तुकडा तसाच गोठलेला. कॅमेऱ्याला टेपवरचा तेवढा भाग वाचता आला नाही की तो आधीच्या चित्राचं ठिगळ लावतो, ते हे. हेड साफ केलं, क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवली (जास्त चालवायची नसते, हेड घासतं). कॅसेट एकदा पूर्ण पुढं अन् एकदा पूर्ण मागं केली, वीस वर्षं लोखंडी पेटीत पडलेली टेप चिकटून किंवा सैल होऊन बसते. थोडा फरक पडला, फार नाही.

मग मला प्रश्न पडला की ६० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटं चालली कशी! दोन्ही कॅसेटवर ६० च छापलेलं होतं आणि मी इतके दिवस ते पाहिलंच नाही. मामांनी दुसरी कॅसेट एलपी म्हणजे लाँग प्ले मोडमध्ये घेतली होती, कॅसेट वाचवायला, जेवणाच्या पंगती लांबल्या असतील. एलपीत टेप हळू चालते आणि तिच्यावरच्या पट्ट्या बारीक होतात, एसपीत, म्हणजे नेहमीच्या मोडमध्ये, १० मायक्रॉन असतात त्या ६.७ मायक्रॉनवर येतात. एवढ्या बारीक पट्टीवर ज्या कॅमेऱ्यानं लिहिलं त्याचं हेड बरोबर बसतं, दुसऱ्या कॅमेऱ्याचं जरासं इकडंतिकडं झालं की वाचता येत नाही. माझ्या कॅमेऱ्याचा दोष नव्हता, टेपचाही नव्हता, दोघांचं जमत नव्हतं एवढंच.

गुरुजींनी नागपूरला फोन लावला. मामांचा हँडीकॅम माळ्यावर होता, बॅटरी मेलेली, अॅडॅप्टर होता. मामा म्हणे भंगारवाल्याले द्याचा होता, बरं झालं फोन केला. एसटीनं भाचा घेऊन आला, कॅमेरा दुपट्ट्यात गुंडाळून, दिवाळीच्या फराळाच्या डब्यात. अॅडॅप्टर लावला, कॅसेट टाकली, आणि जिथं जिथं फाटत होतं तिथं स्वच्छ. भाच्यानं विचारलं काय केलं, मी म्हटलं काहीच नाही, घरचा माणूस आणला. फक्त पंगतीच्या शेवटी तीन सेकंद राहिले, तिथं टेपच चुरगळली आहे, ते कोणत्याच कॅमेऱ्यानं येणार नाही. गुरुजींनी वहीत लिहिलं, "वरण वाढताना ३ से. असू दे."

आता चौथी, अटकण्याची. हिच्यात पूर्ण चूक माझी आणि तीही सजावटीची. अटकणारी डिस्क मी कॉम्प्युटरमध्ये टाकून तिच्यातल्या फाइली कॉपी करून पाहिल्या. डीव्हीडीत व्हिडिओ १-१ जीबीच्या व्हीओबी फाइलींत तुटलेला असतो. पहिल्या तीन भराभर आल्या, त्यापुढं ड्राइव्ह घरघरू लागला आणि एरर. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचा भाग कडेला. कडेला गडबड म्हणजे डिस्क हलते आहे नाही तर वाकली आहे. आणि मला माझं ते नवरानवरीचं गोल स्टिकर दिसलं.

कागदी स्टिकर मधोमध बसत नाही, अर्धा मिलिमीटर सरकलं तरी डिस्कचा तोल गेला. वरून मे महिन्यातला आमचा ४५ डिग्रीचा पारा, पत्र्याखाली दुकान, गोंद आणि कागद एकीकडं ओढतात, प्लास्टिक दुसरीकडं. डिस्क जराशी बशीसारखी होते. आतल्या बाजूला फरक कळत नाही, कडेला कळतो. म्हणूनच अटकायची जागा दर वेळी वेगळी, डिस्क किती तापली त्यावर. मी पाचही डिस्कवर स्टिकर लावलं होतं, महागाच्यावर तर जरा जास्तच कौतुकानं. मग कोणत्याही डब्यातली असो, काय फरक पडणार होता.

बिना स्टिकरची मारली, १६ ऐवजी ८ एक्सनं, इमजीबर्न या डिस्क मारायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफाय टिक ठेवून, म्हणजे लिहून झाल्यावर तो पुन्हा सगळं वाचून मूळ फाइलशी जुळवतो. ८ एक्सला आठ-दहा मिनिटं लागतात, तेवढं इन्व्हर्टर धरतो. काही जण म्हणतात एकदम १ एक्सनं मारा म्हणजे पक्की होते, पण १६ एक्ससाठी बनवलेली डिस्क फार हळू मारली तर उलट खराब लिहिली जाऊ शकते, मधला वेग बरा. नाव वरून मार्करनं लिहिलं, तेही सीडी-डीव्हीडीसाठी मिळतो त्या मार्करनं, बॉलपेननं नाही.

दोन्ही डिस्क गुरुजींनी तीन-तीनदा पाहिल्या. वहीत सगळ्या ओळींवर काट.

आठवड्यानं रात्री साडेनऊला फोन. "अबे, पुन्हा थरथरून रायली."

मी तसाच गेलो. टीव्हीवर गाडी थांबलेली होती, म्हणजे मायनं पॉज दाबलं होतं, बरोबर तिथं जिथं खिडकीत भाऊ हात हलवतो, आणि त्याचा हात दोन जागी लपलप करत होता. चालू केली की सरळ, थांबवली की थरथर. मला हसू आलं. पॉजमध्ये प्लेअर तीच दोन फील्ड आलटून पालटून दाखवतो, एकात हात इथं, १/५० सेकंदानंतरच्या दुसऱ्यात तिथं. हा कोणाचाच दोष नाही. प्लेअरच्या सेटअपमध्ये शोधलं तर स्टिल मोड म्हणून ऑप्शन सापडला, ऑटो होता तो फील्ड केला. मग एकच फील्ड दाखवतो, चित्र थोडं जाडंभरडं होतं पण हलत नाही. भावाचा हात वर गेलेला, तसाच थांबला. माय बराच वेळ पाहत होती, मग म्हणाली, "याचा फोटो निंगते काय?"

दुसऱ्या दिवशी मूळ फाइलमधून तो एक फील्ड काढला. २८८ ओळींचं चित्र, त्यात काय जीव असणार, पण चार बाय सहात छापला. वीस रुपये गुरुजींनी जाग्यावर दिले. डीव्हीडीचे अजून बाकी आहेत, मागायची हिंमत नाही, त्यांच्या वहीत माझ्या नावाचं पण एक पान आहे.